घोट्याइतकं पाणी

पवननगरात गांगुर्डेंचं झेरॉक्सचं दुकान होतं,
पडद्यामागे चार कॉम्प्युटर, तासाला वीस रुपये,
आणि खिळ्याला सुतळीने टांगलेली शेऱ्यांची वही.
नियम एकच:
तासभर खेळल्याशिवाय कुणी गेमला नावं ठेवायची नाहीत.

दहापैकी किती, असले मार्क आम्ही देत नव्हतो.
मार्क शाळेत मिळायचे, तेही पडलेले.
आमचं माप दुतोंड्या मारुती.
गंगेला पूर आला की सगळं नाशिक विचारतं तसं,
कुठवर आलं?
घोट्याला, म्हणजे वीस रुपये बुडाले.
कमरेला, म्हणजे मित्राला सांग.
छातीला, म्हणजे क्लासला दांडी.
‘डोक्यावरून’ वहीत दोनदाच आहे,
त्यातलं एक यतीन खैरनारने पैज हरून लिहिलेलं.

परवा बंदरवाल्याचा दुसरा भाग आला.
(खरं नाव इंग्रजी, लांबलचक. आमच्यासाठी बंदरवाला.)
अकरा वर्षं थांबलो.
तेवढ्यात लग्न झालं, अंबडला पर्मनंट झालो,
पाठीत एक मणका कायमचा रुसला.
पैसे चार महिने आधी भरले.
सुपरवायझरला सांगितलं, आत्या सिरीयस आहे.
आत्या पेठ रोडला ठणठणीत, पापड लाटतेय.
रात्रभर एकशे बत्तीस जीबी उतरत राहिले
आणि मी टक्क्यांकडे बघत बसलो,
पोराचा ताप मोजावा तसा.

काय सांगू.
दिसतो देखणा. विटेविटेवर शेवाळ वेगळं.
पण दारं रंगवलेली, उघडत नाहीत.
मासेवाली म्हणते, आज बाजार थंड आहे.
तिचं घर पेटलं,
तरी म्हणते, आज बाजार थंड आहे.
एक घोडा भिंतीत अर्धा रुतला, शेपूट हलवत राहिला;
अख्ख्या शहरात तेवढाच एक जीव खरा वाटला.
टोपी हवी तर साडेचारशे वेगळे.

आणि शेवटी तो पूर.
जाहिरातीत ज्याच्यावर मी भाळलो, तोच.
पाणी पायरीपर्यंत येतं आणि थांबतं,
आमंत्रण नसलेल्या पाहुण्यासारखं.
पोतं भिजत नाही. कुत्रं पळत नाही.
ज्याने हे केलं त्याने सराफ बाजारात
पूर ओसरल्यावर दुकानातला गाळ
फावड्याने कधी ओढला नसणार.
तो वास त्याला माहीत नाही.

गांगुर्डे आता मोबाइलला काचा बसवतात.
वही मागितली. आधी चष्मा सापडला,
मग फ्यूजच्या डब्याखाली वही.
पहिल्या भागाचं पान काढलं,
म्हटलं वाचूनच दाखवतो, गेम कशाला म्हणायचं.

‘बंदरवाला. फार हळू. रस्ता सापडत नाही.
म्हातारा बडबड करतो. घोट्याला.’
खाली माझी सही, तेव्हाची, लांब शेपटीची.

त्याखाली शेरा नाही, नुसत्या वेळा.
दुसऱ्या दिवशी पाच ते सहा.
तिसऱ्या दिवशी पाच ते साडेसात, अर्धा तास उधार.
मग पानभर पाच, पाच, पाच.

गांगुर्डे म्हणाले, तुझे दहा रुपये यायचेत अजून.

दिले.
पण म्हणून नवा चांगला ठरत नाही, सांगून ठेवतो.
मी त्यांचंच पेन घेतलं, दोनदा झटकलं, लिहिलं:
‘दुसरा भाग. पाणी पायरीशी थांबतं.
घोटासुद्धा नाही. घोडा बरा.’
आणि पुढची ओळ कोरी सोडली,
का सोडली विचारू नका.

रात्री आत्याचा फोन.
तुझ्या कंपनीतला कोणी माणूस
द्राक्षं घेऊन बघायला आला होता रे.
तिने त्याला चहा पाजला, पापड बांधून दिले,
आणि मधेमधे, काय असेल ते असेल म्हणून,
नीट खोकली.